काठाचं धोतर आणि कोटाचं अस्तर

अर्नेस्ट कोल या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराचं ‘हाउस ऑफ बाँडेज’ हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झालं आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. त्यातलं एक छायाचित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही. खाणीत भरती होण्यासाठी आलेले काळे पुरुष भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे आहेत. हात वर, अंगावर चिंधी नाही. ही त्यांची वैद्यकीय तपासणी. चेहरा कुणाचाच दिसत नाही. दिसतात त्या पाठी, कारण भरती करणाऱ्यांना हवी होती ती पाठच.

आठवडाभर असा दुसऱ्याच्या नजरेखाली वावरणारा मजूर शनिवारी रात्री काय करत असे, इथून तुमच्या हातातल्या या पुस्तकाचा विषय सुरू होतो. जोहान्सबर्गच्या मजूर वसतिगृहांत राहणारे झुलू कामकरी दिवस मावळला की न्हाऊनधुऊन, दाढी करून, खाटेखालच्या पेटीतून सूट काढत. बुटाला पॉलिश, पँटीला कडक इस्त्री, टायची गाठ मनासारखी बसेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग एखाद्या साध्या सभागृहात स्पर्धा भरे. या स्पर्धकांना ‘स्वेंका’ म्हणतात. एकेक जण पुढे येतो, सावकाश चालतो, थांबतो, वळतो. कोटाचं एक पान अलगद उघडून आतलं अस्तर दाखवतो. मनगट पुढे करून कफाची बटणं आणि घड्याळ दाखवतो. पँटीची मोहरी दोन बोटं उचलून मोजा टायशी जुळतो आहे हे परीक्षकाच्या नजरेस आणून देतो. चालण्यात घाई नाही, चेहऱ्यावर उगाच हसू नाही. परीक्षक जवळ येऊन सगळं निरखतो. रंगांचा मेळ, शिलाई, कापडाचा पोत, स्वच्छता आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो माणूस आपला पोशाख कसा वागवतो, यावर निकाल लागतो. बक्षीस बहुधा थोडे पैसे, मोठ्या स्पर्धेत एखादं जनावरही. दारू पिऊन आलेल्याला तिथे मान नाही.

येप्पे र‍्योंदे या डॅनिश दिग्दर्शकाने २००४ साली या मंडळींवर ‘द स्वेंकाज’ हा माहितीपट केला, आणि बाहेरच्या जगाला त्यांची ओळख झाली ती मुख्यतः त्यातूनच. वडील नावाजलेले स्वेंका, ते वारले, आता मुलाने त्या रिंगणात उतरायचं की नाही, असा एक धागा त्या चित्रपटात आहे. आपल्याकडे पैलवानाच्या किंवा कीर्तनकाराच्या घरात हाच प्रश्न उभा राहतो. हौस म्हणून घातलेल्या कपड्यांना असा वारसा नसतो. स्वेंकांकडे तो आहे, म्हणून या गोष्टीकडे हौस म्हणून पाहून भागत नाही.

हे मजूर शहरात आले कसे, ते थोडक्यात सांगायला हवं. १८८६ साली विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत सोनं सापडलं आणि माळावर जोहान्सबर्ग उभं राहिलं. खाणींना स्वस्त मजूर हवे होते. झोपड्यांवर कर बसवला गेला, तो रोखीत भरायचा, आणि रोकड मिळणार ती मुख्यतः गोऱ्यांच्या कामावर. १९१३च्या जमीन कायद्याने काळ्यांना देशातल्या जेमतेम सात टक्के भूमीपलीकडे जमीन घ्यायला मनाई केली. पुरुष एकटे शहरात आले, बायकामुलं गावी. राहायला वसतिगृहाची खाट, खिशात पास. तो पास शिपाई मागेल तेव्हा दाखवायचा. नसला तर कोठडी. हे पासचे कायदे १९८६ साली रद्द झाले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं त्या शहरात काळ्या कामकऱ्याला कुणीही रस्त्यात थांबवून तपासू शकत होतं.

स्वेंकांची स्पर्धा एकटी वाढली नाही. तिच्या शेजारी ‘इसिकाथामिया’ नावाचं गाणं आहे: वाद्यांशिवाय, पुरुषांच्या आवाजात, पावलांचा आवाज होऊ न देता पदन्यास करत म्हटलेलं. त्याच्याही रात्रभर स्पर्धा चालत. डर्बनमध्ये बीट्रिस स्ट्रीटवरचं वायएमसीए त्यासाठी प्रसिद्ध होतं. गायकांचे संच एकसारख्या सुटांत येत. सॉलोमन लिंडा हा गॅलो या रेकॉर्ड कंपनीत माल बांधणारा कामगार. त्याच्या ‘इव्हनिंग बर्ड्स’ या संचाचा रुबाब त्यांच्या सुटांसह लोकांच्या लक्षात राहिला. १९३९ साली त्यांनी ‘म्बुबे’ ध्वनिमुद्रित केलं. त्या गाण्यावर पुढे अमेरिकेत अमाप पैसा झाला. लिंडा १९६२ साली गरिबीतच गेला. स्वर त्याचे, मिळकत दुसऱ्याची. अंगावरचा सूट मात्र त्याचा होता.

या गाण्याच्या स्पर्धांत एक प्रथा होती, तिच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. परीक्षक म्हणून कुणीतरी अगदी परका माणूस, पुष्कळदा रस्त्यावरून बोलावून आणलेला गोरा, बसवत. त्याला भाषा कळत नसे, संच ओळखीचे नसत, त्यामुळे तो कुणाची बाजू घेणार नाही असा हिशेब. बक्षिसाचे पैसे स्पर्धकांच्या प्रवेश फीतूनच उभे राहत. एरवी ज्या गोऱ्याने पाहिलं की खिशातला पास चाचपावा लागे, त्याच गोऱ्याला इथे खुर्ची देऊन बसवायचं आणि सांगायचं: आता बघ, आम्ही दाखवतो ते बघ. किती वाजता यायचं, कशाला गुण द्यायचे, बक्षीस किती, हे सगळं कामकऱ्यांनी ठरवलेलं. सोमवार ते शनिवार ज्याची तपासणी होते, त्याने आपली तपासणी आपल्या अटींवर घडवून आणायची. या पुस्तकात पुढे जे जे आहे ते मी या एका दृष्टीने मांडलं आहे.

आता प्रश्न असा, की इतवारीत बसलेल्या माणसाने हे का लिहावं? उत्तर सरळ आहे. नागपूरचा हा भाग कापडावर जगला. गांधीबाग-इतवारीचा घाऊक कापडबाजार, सराफ्याची ओळ, शिंप्यांची दुकानं आणि पलीकडच्या वस्त्यांतून येणारा कोष्ट्यांच्या मागांचा आवाज, यात मी वाढलो. रेशीमकाठी नागपुरी धोतर आणि लुगडं यांचं नाव दूरवर होतं. उमरेडचा मालही तसाच. बारीक सूत आणि रेशीमकाठ कोष्ट्यांचा. जाडंभरडं कापड विणायचं काम या मुलखात पुष्कळसं महारांकडे होतं. मध्य प्रांतातल्या जातींवरच्या रसेल यांच्या १९१६च्या ग्रंथात त्याची नोंद आहे. म्हणजे ज्या माणसाने गावाला नेसवलं, त्याला गाव शिवत नव्हतं.

मग गिरणी आली. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथे पिकत होता, रेल्वे १८६७ सालीच येऊन पोचली होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. जुम्मा तलावाजवळची पाणथळ जागा त्यांनी भरून काढली. पैसे गुंतवायला नकार देणारा एक स्थानिक सावकार म्हणाला होता की हा माणूस जमिनीत सोनं पुरतो आहे. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की टाटांनी माती पुरून सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली आणि तिचं नाव एम्प्रेस पडलं.

सुरुवातीला मजूर फार गैरहजर राहत. शेतीचे दिवस, सण, लग्नसराई यांत माणूस गिरणीकडे फिरकत नसे. दंड करून काही होईना, तेव्हा टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी बक्षिसांची वाट धरली. वर्षातून एकदा बक्षीस समारंभ होई, त्याला जत्रेचं रूप येई, आणि चांगल्या हजेरीच्या कामगारांना सोन्याचांदीची कडी, साखळ्या, घड्याळं आणि कापड मिळे. पुढे याच गिरणीने पेन्शन दिली, अपघाताची भरपाई दिली, आणि १९२०च्या दशकात कामगारांसाठीचं कल्याणकार्य वायएमसीएकडे सोपवलं. तीच संस्था डर्बनमध्ये आणि तीच नागपुरात, हे वाचून मला बरं वाटलं. दूरच्या दोन गावांत एका ओळखीच्या माणसाचं घर निघावं तसं.

एम्प्रेसचं हे काम मोठंच होतं, त्याचं श्रेय कमी करायचं नाही. पण दोन्हीकडच्या घड्याळांमधला फरक पाहा. गिरणीचं घड्याळ हजेरीचं बक्षीस होतं; ते मालकाने, मालकाच्या कसोटीवर, मालकाच्या फायद्यासाठी दिलं. वेळेवर येणाऱ्याच्या हाती वेळच दिली. स्वेंकाचं घड्याळ त्याने स्वतःच्या मजुरीतून घेतलेलं, आणि ते कामाच्या दिवशी घालायचं नव्हतंच. ते सोबत्यांनी पाहावं म्हणून होतं.

कामकऱ्याच्या सुटाची गोष्ट आपल्याकडे सांगायची तर ती जातीपाशी येतेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये इंदूर संस्थानातल्या एका प्रकरणाचा उल्लेख केला आहे. १९२८च्या जानेवारीत ते वर्तमानपत्रात आलं होतं. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजाला हुकूम काढला की गावात राहायचं तर काही नियम पाळावे लागतील. त्या नियमांत पहिली कलमं कपड्यांची होती. बलाई पुरुषांनी जरीकाठाची पागोटी बांधायची नाहीत. रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. पाण्याचा, रस्त्याचा, मजुरीचा प्रश्न पुढे. ज्यांनी नियम मानले नाहीत त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं, त्यांच्या शेतांकडे जायच्या वाटा अडवल्या.

बलाई हे परंपरेने विणकर. कापड ज्यांच्या हातून निघतं, त्यांच्याच अंगावरचा काठ गावाला सलला. इतवारीत मी काठ रोज पाहत आलो. दुकानदार धोतराची घडी उघडतो ती काठाकडूनच. दोन बोटांची ती पट्टी एवढी महागात पडू शकते, हे त्या हुकुमाच्या मजकुरातून कळतं. सत्तेला कपड्यांतलं फार कळतं. १९४३च्या जूनमध्ये लॉस एंजलिसमध्ये गोऱ्या खलाशांनी मेक्सिकन वंशाच्या तरुणांना रस्त्यात गाठून त्यांचे ढगळ, लांब कोटांचे झूट सूट अंगावरून फाडले. तिथेही राग पोशाखावर काढला, कारण त्या पोरांनी एवढं नीटनेटकं दिसावं हेच सहन होत नव्हतं.

बाबासाहेबांनी कपड्याचा प्रश्न कधी किरकोळ मानला नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला ते स्त्रियांपुढे बोलले तेव्हा लुगडं कसं नेसावं, कोणते दागिने टाकून द्यावेत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ज्या खुणांवरून जात ओळखली जाते त्या अंगावर ठेवू नका, असं त्याचं सार. जुलै १९४२मध्ये नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. तिच्याबरोबर झालेल्या महिला परिषदेतही स्वच्छता आणि व्यसनांपासून दूर राहणं यांवर त्यांनी भर दिला. नीटनेटका देह, दारू वर्ज्य, मान ताठ. स्वेंकांचा अलिखित नियम यापेक्षा वेगळा नाही, आणि दोघांची गाठ कधी पडलेली नाही.

गांधीजींनी सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत अंगावरचे बाकीचे कपडे उतरवून पंचा स्वीकारला. तो त्याग खरा होता, त्याची ताकदही मोठी होती. पण ज्याच्या आजोबाला काठाचं धोतर नेसल्याबद्दल मार खावा लागला, त्याने उतरवायचं काय? बाबासाहेबांचा तीन तुकड्यांचा सूट या जागेवरून पाहावा लागतो. आज नागपुरात संविधान चौकात, वस्तीवस्तीच्या पुतळ्यांत तो सूट उभा आहे. पुतळा घडवणाऱ्याने टायची गाठ आणि खिशातलं पेन सोडलेलं नाही.

तरीही १४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी, नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना, त्यांनी सूट घातला नव्हता. पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट. दीक्षेला येणाऱ्या लाखो लोकांनी पांढरी वस्त्रं नेसून यावं असं ठरलेलं होतं. पायी, बैलगाडीने, रेल्वेने माणसं आली. पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे यांना त्या दिवसांत नागपूरच्या बाजारात केवढी मागणी आली याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले कपडे आणि कधी मढ्यावरचं कापडही वापरलं, त्यांनी कोरं कापड विकत घेतलं, आपल्या पैशाने, आपल्या कारणासाठी. तिथे स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हता. तरी स्वेंकांच्या सभागृहाशी दीक्षेच्या त्या मैदानाचं नातं मला पक्कं वाटतं: आम्ही कसे दिसायचं हे आम्ही ठरवू. नागपूरच्या वस्त्यांमधला १९५६च्या आधीचा काळ समजून घ्यायचा असेल त्यांनी वसंत मून यांचं ‘वस्ती’ वाचावं. त्या दिवसाला पोचण्यासाठी किती वर्षांची तालीम झाली होती, हे त्यातून उमगतं.

नागपूरच्या कामगारांची चढाओढ दुसऱ्या वाटांनी गेली. आखाडा, लेझीम, आणि आंबेडकर जयंतीच्या दिवसांत रात्र रात्र रंगणारा कव्वालीचा मुकाबला. नागोराव पाटणकरांसारखे कव्वाल या गावाने दिले. दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल-जवाब, आणि पहाटेपर्यंत न हलणारे श्रोते: इसिकाथामियाच्या रात्रीशी ताडून पाहावं असं काही असेल तर ते हेच. सजवण्याची स्पर्धा म्हणाल तर ती विदर्भात बैलाच्या वाट्याला आली. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झूल, बाशिंगं, घुंगरू, रंगवलेली शिंगं निरखली जातात आणि उत्तम जोडीला बक्षीस मिळतं. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. या स्पर्धांत बैलाबरोबर पोराचा वेशही पाहिला जातो. मोठ्या पुरुषाने स्वतः सजून उभं राहावं आणि मला पाहा म्हणावं, हे मात्र आपण लग्नाच्या एका दिवसापुरतंच मान्य केलं. झुलू कामकऱ्याने ते दर शनिवारी मान्य करून घेतलं.

या विषयावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गांभीर्याने घ्यायला हवेत. पहिला, ही साहेबाची नक्कल आहे. मला हे पटत नाही. साहेब कोटाचं अस्तर दाखवत फिरत नाही, मोजा दाखवायला थांबत नाही. सूट युरोपचा असेल, पण त्यातलं चालणं, थांबणं, हात उघडणं झुलू नाचाच्या आणि तरुणांच्या रुबाबाच्या जुन्या वळणाचं आहे. दोन काँगो देशांतल्या ब्राझाव्हिल आणि किन्शासाच्या ‘सापर’ मंडळींनीही पॅरिसच्या कपड्यांचं असंच केलं. रंगांची त्यांची उधळण पॅरिसला झेपणारी नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. एका चांगल्या सुटात मजुराचे कितीतरी पगार जातात. गावाकडे बायको मनीऑर्डरची वाट पाहते, पोराची फी थकलेली असते, आणि हा टाय निवडतो. या पुरुषांच्या रिंगणात स्त्रिया नाहीत. ज्या घराच्या पैशावर सूट उभा आहे त्या घरातली माणसं परीक्षकही नाहीत. मी या आक्षेपाला उत्तर देऊन मोकळा होणार नाही. एवढं खरं की ज्या रात्री सूट असतो त्या रात्री दारूचा गुत्ता नसतो, आणि घरच्यांना त्याचं मोल कळतं. पण पुढची पानं वाचताना त्या गावाकडच्या बाईला वाचकाने नजरेआड करू नये. इतवारीतही सूट शिवायला टाकणाऱ्या नवऱ्याबरोबर आलेली बायको भाव विचारते, कापड चिमटीत धरून पाहते, आणि शिलाईचा आकडा ऐकून गप्प होते. तिच्या गप्प होण्याचा हिशेब कुठल्याही गिरणीच्या वहीत नाही.

वह्यांचं सांगायचं तर गिरण्यांनी हजेरी, मजुरी, उत्पादन, दंड सगळं लिहून ठेवलं. कामगार सुटीच्या दिवशी काय घालत होता हे लिहिण्याचं कुणाला कारण नव्हतं. एम्प्रेस १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद झाली, आणि तिच्या जागेवर आता मॉल आहे. कामगारांची पोशाखी बाजू उरली ती फोटो स्टुडिओंनी काढलेल्या चित्रांत. स्टुडिओत एक कोट, एक टाय, कधी एक मनगटी घड्याळ गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं असे. तोच कोट कितीतरी जणांनी चढवला. बाह्या आखूड, खांदे ढिले, तरी उभं राहण्यात कसूर नाही. उसना कोट पाहून हसायची सवय आपल्याला लागली आहे. मी वाचकांना विनंती करतो की त्या फोटोंतल्या माणसांच्या माना पाहा, आणि मग जोहान्सबर्गचे फोटो शेजारी ठेवा.

पुस्तकाची मांडणी यावरूनच ठरली. पहिल्या भागात झुलू कामकरी, त्यांची वसतिगृहं, गाणं आणि शनिवारची स्पर्धा. दुसऱ्या भागात नागपूर: माग, गिरणी, शिंपी, काठावरून झालेले तंटे, १९५६ची पांढरी वस्त्रं. ज्या घरांतून फोटो मिळाले त्यांची नावं, त्यांच्या इच्छेप्रमाणे, कुठेही दिलेली नाहीत. चित्राखाली फक्त वस्ती आणि काम लिहिलं आहे. शिंपीकामाचे शब्द कारागिरांच्या तोंडी आहेत तसेच ठेवले आहेत. तिसऱ्या भागासाठी, म्हणजे या घरांमधल्या बायकांच्या पेहरावासाठी, अजून साहित्य जमवायचं आहे, आणि ज्यांच्याकडे जुन्या लग्नांचे, जयंतीच्या मिरवणुकांचे किंवा गिरणीच्या समारंभांचे फोटो असतील त्यांनी ते दाखवावेत. फोटो घेऊन ठेवणार नाही, तिथेच नक्कल करून परत देईन.